शब्दाच्या घडणीवरून संज्ञांमधली नाती आपोआप काढणे: शेतीच्या शब्दयादीवर कसे करावे?

पाभर

नमस्कार मंडळी. शेतीविषयक मराठी संज्ञांची साधारण ८,००० शब्दांची यादी एक्सेलमध्ये आहे. पिके, किडी, रोग, खते, औषधे, अवजारे, मशागतीची कामे आणि जमिनीच्या कागदपत्रांचे काही शब्द, सगळे एकत्र. व्याख्या नाहीत. शास्त्रीय नावाचा रकाना आहे, पण तो पिके आणि किडी यांच्यापुरताच भरलेला.

शोधयंत्रासाठी यातून नात्यांचे जाळे हवे आहे. ‘शेणखत’ हा ‘खता’चा प्रकार, ‘बुरशीनाशक’ बुरशीवर चालते, ‘खोडकिडा’ खोडाला लागतो, अशा धर्तीचे. सगळे हाताने जोडत बसणे शक्य नाही. शब्दाचा शेवट पाहून प्रकार ठरवायचा, एवढा साधा नियम लावला तर ‘खत’ या शेवटाखाली शेणखत-गांडूळखताच्या शेजारी खरेदीखत आणि साठेखत येऊन बसले, आणि ‘माशी’खाली पांढरी माशी.

प्रश्न असे: शब्द कुठे तोडायचा हे यंत्राने कसे ठरवायचे? तोडल्यावर दोन तुकड्यांमधले नाते शब्दावरूनच कळते की बाहेरची माहिती लागतेच? आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळाचे काय करायचे? यादीत जिवाणू, जीवाणू, जिवाणुजन्य, जीवाणूजन्य असे सगळे नांदत आहेत.

विग्रह

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर टेकलेले आहे.

तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते, त्यामुळे ‘हा कशाचा प्रकार’ हे शब्दाच्या शेवटावरून जवळजवळ फुकट मिळते. पूर्वपदाचे उत्तरपदाशी काय नाते, हे मात्र शब्दात कुठेच लिहिलेले नसते. विभक्तीचा प्रत्यय गाळूनच समास होतो. शेणखत म्हणजे शेणाचे खत, गांडूळखत म्हणजे गांडुळांनी केलेले खत. वरून दोन्ही सारखेच दिसतात. गळालेली विभक्ती परत मिळवायची तर पूर्वपद कोणत्या वर्गातले आणि उत्तरपद कोणत्या वर्गातले, ही जोडी पाहावी लागते. म्हणून ‘एका शेवटाला एक नाते’ असा नियम करू नका, जोड्यांचा तक्ता करा.

तुमच्या खताचेच बघा. हे दोन वेगळे शब्द आहेत. एक जमिनीत घालायचे खत, दुसरे अरबी-फारसीतून आलेले, लिखाण किंवा दस्तऐवज या अर्थाचे. ‘दस्तखत’मध्ये तेच आहे. ‘खत’ने संपणाऱ्या सगळ्या शब्दांची फक्त पूर्वपदे एका रकान्यात काढा. शेण, गांडूळ, कंपोस्ट हे पदार्थ किंवा प्राणी. खरेदी, गहाण, साठे हे व्यवहार. ढीग आपोआप दोन पडतात आणि तक्त्यात दोन ओळी होतात: पदार्थ किंवा सजीव + खत = पोषक द्रव्य; व्यवहार + खत = कागद. पदांचा क्रमही कधी सोडू नका. ‘खरेदीखत’ हा कागद आहे, ‘खतखरेदी’ ही खरेदी आहे, आणि क्रम न बघणाऱ्या शोधाला दोन्ही एकच वाटतात. एवढे करूनही ‘सोनखत’ चुकेलच. पूर्वपद ‘सोने’ या धातूशी जुळेल आणि यंत्र सोन्यापासून केलेले खत अशी नोंद करून ठेवेल. ते मैल्याचे खत आहे, नाव सौम्य करून दिलेले. असे शब्द अपवादांच्या यादीत हातानेच घालावे लागतात. त्यांची संख्या फार नसते, पण ती यादी पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, नियमांत मिसळू नका.

आता तोडायचे कसे. प्रत्येक संज्ञेचे सगळे शेवट काढा, पण अक्षराच्या सीमेवरच. मात्रा किंवा हलन्त मधून तोडू नका. ‘बुरशीनाशक’मधून ‘क’, ‘शक’, ‘नाशक’, ‘शीनाशक’ इत्यादी निघतील. प्रत्येक शेवटासाठी दोन आकडे मोजा: तो किती वेगवेगळ्या संज्ञांना आहे, आणि तो काढल्यावर उरलेला भाग किती वेळा स्वतंत्र शब्द म्हणून यादीत किंवा एखाद्या कोशात सापडतो. किमान पाच संज्ञा आणि उरलेल्यांपैकी निम्मे तरी खरे शब्द, ही सुरुवातीची मर्यादा ठेवा. दोन्ही बाजूंना किमान दोन अक्षरे हवीत ही अट घातली की प्रकार, विकार, आकार हे ‘कार’खाली येत नाहीत, कारण प्र, वि, आ उरतात. ‘अधिकार’ तरी निसटतोच. तिथे ‘उरलेला भाग खरा शब्द हवा’ ही अट कामी येते, कारण ‘अधि’ स्वतंत्र शब्द नाही. दोन अक्षरांच्या अटीमुळे ‘फुलगळ’मधला ‘गळ’ टिकतो आणि ‘मंगळ’ गळतो, कारण तिथे फक्त ‘मं’ उरतो.

अशी छाननी केल्यावर हाताने बघण्याजोगे ६०-७० शेवट उरावेत. ते हाताने बघायचेच. त्यातून मोजकी नाती ठरतील. माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यात भरवशाचे हे:

कीड दाखवणारे उत्तरपद (अळी, किडा, माशी) आणि वनस्पतीचा अवयव दाखवणारे पूर्वपद, म्हणजे ‘या भागाला लागते’: बोंडअळी, घाटेअळी, खोडकिडा, फळमाशी. ‘कूज’ आणि ‘गळ’ यांच्याआधी अवयव आला तर ‘या भागाचे नुकसान’: मूळकूज, कंदकूज, फुलगळ, पातेगळ. ‘नाशक’च्या आधी सजीव, म्हणजे ‘याला मारते’. ‘जन्य’च्या आधी सजीव, म्हणजे ‘यामुळे होतो’. ‘पेंड’, ‘अर्क’, ‘तेल’ यांच्याआधी पीक किंवा बी, म्हणजे ‘यापासून काढलेले’: सरकी पेंड, निंबोळी अर्क, करडई तेल.

खरी गंमत दुसऱ्या पायरीवर आहे. ‘बुरशीजन्य रोग’ आणि ‘बुरशीनाशक’ या दोन संज्ञांत थेट काहीच लिहिलेले नाही, पण पूर्वपद एकच. एकाचे कारण बुरशी, दुसऱ्याचे लक्ष्य बुरशी. म्हणजे ‘बुरशीजन्य रोगावर बुरशीनाशक’ हे नाते यंत्र स्वतः सुचवू शकते, आणि शेतकरी शोधतो ते नेमके हेच.

कोळपे

विग्रह यांच्या शेवटच्या परिच्छेदाला एक मोठी सूचना जोडायला हवी. हे अनुमान बुरशीला चालते, विषाणूला चालत नाही. पिकाला विषाणूजन्य रोग झाल्यावर विषाणू मारणारी फवारणी नसते. आटोक्यात आणायचा तो प्रसार करणारा कीटक. भेंडीवरचा यलो व्हेन मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून तिथली साखळी रोग → वाहक कीड → कीटकनाशक अशी आहे, आणि ती ‘विषाणूजन्य’ या शब्दातून कधीच निघणार नाही. ‘जन्य’ आणि ‘नाशक’ जोडणारा नियम फक्त बुरशीपुरता चालू ठेवा, बाकीच्यांसाठी बंद. चुकीचे नाते शोधयंत्रात गेले तर कोणीतरी त्यावर विसंबून पैसे घालून औषध आणेल, एवढे लक्षात असू द्या.

आता माशी. फळमाशी, खोडमाशी, भातावरची गादमाशी, घरमाशी या खऱ्याच माश्या, दोन पंखांच्या. पांढरी माशी आणि संत्र्यावरची काळी माशी (जिच्यामुळे कोळशी येते) या रसशोषक किडी, मावा-तुडतुड्यांच्या गटातल्या. मधमाशी आणि गांधीलमाशी तिसऱ्याच गणातल्या. बघा, अवयव + माशी असे जोडून लिहिलेले शब्द खरे निघाले आणि रंगाचे विशेषण + माशी हे खोटे. याला नियम म्हणायचे धाडस करणार नाही, पण खूण म्हणून उपयोगी आहे. रंगावरून ठेवलेले नाव बहुधा नुसत्या दिसण्यावरून ठेवलेले असते. पूर्वपद रंग असेल तर ‘प्रकार’ हे नाते कच्चे समजा आणि शास्त्रीय नावाच्या रकान्यावरून तपासा. पांढरी माशी म्हणजे बेमिसिया टॅबॅसी, आणि त्या नावावरून गण लगेच कळतो. ‘लाल कोळी’ही याच पठडीतला: तो खरा कोळी नव्हे. ‘पिठ्या ढेकूण’ही ढेकूण नव्हे.

शास्त्रीय नावाचा रकाना उलट बाजूनेही वापरा. हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. तिन्ही एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. शब्दाची घडण या तिघींना तीन बहिणी ठरवते, कारण नाव लागणाऱ्या भागावरून पडले आहे. आणि ‘अमेरिकन’ हे सारखे पूर्वपद पाहून अमेरिकन बोंडअळी व अमेरिकन लष्करी अळी जवळच्या समजू नका. लष्करी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, वेगळाच किडा. शास्त्रीय नाव सारखे असेल तिथे ‘समानार्थी’ हे नाते घडणीवरून आलेल्या नात्याला रद्द करील, असा अग्रक्रम ठरवून टाका.

भुईमूग मूग नाही, देवमासा मासा नाही, शहामृग मृग नाही, हे वेगळे सांगायला नको.

सामान्यरूप

ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ हा नुसता निष्काळजीपणा नाही, त्याच्या मागे दोन वेगळे नियम आहेत आणि दोन्ही तुमच्या तुलनेच्या आड येतात.

एक: तत्सम इकारान्त-उकारान्त शब्द सुटा लिहिला की शेवट दीर्घ, पण समासात पूर्वपदी आला की मूळचा ऱ्हस्व. कृमी पण कृमिनाशक, वनस्पती पण वनस्पतिशास्त्र, विषाणू पण विषाणुजन्य. म्हणजे शुद्ध लिहिलेल्या समासातले पूर्वपद कोशातल्या नोंदीशी अक्षरशः जुळतच नाही. अशुद्ध लिहिले (विषाणूजन्य) तर जुळते! वर कोळपे यांनी तसेच लिहिले आहे आणि बहुतेक लोक तसेच लिहितात, म्हणून दोन्ही धरावे लागतात.

दोन: मराठी शब्दांत सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. पीक, पिकाचा; फूल, फुलाला; कीड, किडीचा; मूळ, मुळाला. समासातही हे पाझरते: फुलकिडे, फुलगळ. ‘मूळकूज’ तर चार तऱ्हेने सापडेल.

उपाय एकच. प्रत्येक शब्दाला तुलनेसाठी वेगळे रूप द्या, ज्यात सगळ्या वेलांट्या आणि सगळे उकार दीर्घ केलेले आहेत. दाखवायचे लेखन जसेच्या तसे ठेवा, तुलना फक्त या रूपावर करा. याने काही शब्द एकमेकांवर आदळतात: पिक म्हणजे कोकीळ आणि पीक, सुत आणि सूत, दिन आणि दीन. तुलनारूप सारखे पण लेखन वेगळे अशा संज्ञांचे गट काढून एकदा नजरेखालून घाला. शेतीच्या यादीत खरे अपघात थोडेच निघतील, बाकी सगळी लेखनभेदाची जोडपी असतील, आणि तीच तुमची पहिली समानार्थी यादी.

त्याआधी युनिकोडची, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांची, सफाई. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

ऱ्या, ऱ्हा यांतला ऱ् दोन तऱ्हेने टाइप झालेला असतो: काहींनी ०९३१ हे अक्षर आणि हलन्त वापरलेले, काहींनी साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह). दिसायला दोन्ही एकच. आधी दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर करा, मगच उरलेले सगळे जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाका. क्रम उलटा झाला तर ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, ०९७२ या जागेवर. त्याआधीच्या फायलींत अ आणि त्यावर वेगळा चंद्र असतो, आणि एनएफसी (युनिकोडमधली वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रमाण पद्धत) लावूनही ते एक होत नाहीत. रूपांतराची ओळ स्वतः लिहावी लागते. सेन्द्रिय आणि सेंद्रिय यांसाठी ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्याच वर्गातले पहिल्या चारांपैकी व्यंजन असेल तरच अनुस्वार करा. ‘पहिल्या चारांपैकी’ ही अट विसरलात तर ‘अन्न’चे ‘अंन’ होईल, आणि शेतीच्या यादीत अन्न पुष्कळ आहे.

अक्षराच्या सीमेबद्दल विग्रह बोलले. वापरता ती सॉफ्टवेअर लायब्ररी तपासून घ्या. जोडाक्षर न फोडता एक अक्षरसमूह धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ‘शास्त्र’ला हलन्तापाशी तोडतात. खात्री नसेल तर स्वतःचा रेजेक्स (मजकुरातला साचा ओळखणारे सूत्र) लिहा: सुटा स्वर किंवा व्यंजन, व्यंजनापुढे कितीही वेळा हलन्त-व्यंजन, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग.

आणि एक आयती खूण. मराठी घरगुती समासात संधी होत नाही, त्यामुळे ‘बोंडअळी’, ‘घाटेअळी’ यांत शब्दाच्या मधोमध पूर्ण ‘अ’ उभा राहतो. शब्दाच्या मध्ये सुटा अ दिसला की तिथे जोड आहे हे जवळजवळ नक्की. ‘बिअर’सारखे परके शब्द तेवढे सोडा. ई, ऊ यांना मात्र हे लागू नाही: करडई, पपई, पाऊस.

तत्सम जोडांत संधी होते, तिथे उत्तरपद मात्रेत लपते. बीजोत्पादन, फलोत्पादन, दुग्धोत्पादन यांत ‘उत्पादन’ असे कुठेच दिसत नाही, दिसते ‘ोत्पादन’. बीजांकुरण आणि वृक्षारोपण यांचेही तसेच. सगळ्या संधी उलगडणारे यंत्र बसवू नका, ते मराठी शब्दांना संस्कृत समजून वाटेल तिथे फाडते. ज्या उत्तरपदांची गरज आहे (उत्पादन, अंकुरण, आरोपण, उद्यान, आशय, उत्पत्ती) त्यांची छोटी यादी करा आणि फक्त त्यांच्यासाठी आ, ओ उलगडा.

पाभर

फार उपयोगी. दोन शंका. पूर्वपदाचा वर्ग (अवयव, सजीव, पदार्थ, व्यवहार, रंग) कुठून आणायचा? आणि एवढे नियम लिहिण्यापेक्षा फास्टटेक्स्टचे तयार मराठी व्हेक्टर (शब्दाचा अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या याद्या) घेऊन जवळचे शब्द काढले तर भागणार नाही का? त्यातही शब्दाचे तुकडे वापरतातच.

अक्षरसंच

व्हेक्टरने जवळीक कळते, नाते कळत नाही. ‘बुरशीनाशक’च्या जवळ ‘कीटकनाशक’ येईल, ‘बुरशी’ येईल, ‘फवारणी’ येईल. पहिला भावंड, दुसरे लक्ष्य, तिसरे वापरायची रीत. तिघांनाही एकाच आकड्याने मोजले जाते.

तुकड्यांचे म्हणाल तर नेमके गणित बघा. १५७ भाषांचे जे तयार व्हेक्टर आहेत त्यांत तुकड्याची लांबी फक्त ५ धरली आहे, आणि ती युनिकोडच्या चिन्हांत मोजली जाते. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा, शब्दाच्या शेवटाची खूणही एक चिन्ह. ‘नाशक’ म्हणजे न, ा, श, क अशी चार, शेवटाची खूण धरून बरोबर पाच. म्हणून सगळ्या नाशकांचा एक तुकडा सामाईक निघतो. ‘खत’ मात्र दोनच चिन्हे. शेवटाच्या खुणेसह तीन, आणि पाच भरायला मागच्या शब्दातली दोन लागतात. शेणखताचा शेवटचा तुकडा ‘ेणखत’ आणि खूण, खरेदीखताचा ‘दीखत’ आणि खूण. सामाईक काहीच नाही. म्हणजे ‘नाशक’ त्याला दिसतो, ‘खत’ त्याला दिसत नाही, आणि यात अर्थाचा काही संबंध नाही, फक्त लांबीचा आहे. स्वतःच्या मजकुरावर शिकवायचे असेल तर किमान लांबी २ आणि कमाल ६ ठेवून पाहा.

व्हेक्टरचा चांगला उपयोग दुसरीकडे आहे, आणि त्यातच तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे. वर्ग ठरवायला आधी मराठी वर्डनेट (शब्दार्थांची आपसातली नाती जोडलेला कोश) घ्या. ते आयआयटी मुंबईत इंडोवर्डनेटचा भाग म्हणून झाले आहे आणि पायथनमधून वापरता येते. पूर्वपद शोधा, वरच्या संकल्पनांची साखळी चढा, आणि वनस्पती-अवयव, प्राणी, पदार्थ, क्रिया यांपैकी कोण भेटते ते घ्या. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील (कोळी: प्राणी, जात, व्यवसाय) तर पहिला अर्थ डोळे झाकून घेऊ नका, त्याच उत्तरपदाच्या इतर पूर्वपदांचा बहुमताचा वर्ग घ्या. ‘नाशक’च्या आधी कीटक, बुरशी, तण, सूत्रकृमी आले असतील तर ‘कोळीनाशक’मधला कोळीही त्याच वर्गातला. जे पूर्वपद वर्डनेटमध्ये नाहीच, त्याला व्हेक्टरने सर्वांत जवळच्या दहा वर्गीकृत शब्दांचा वर्ग सुचवा. इथे जवळीक पुरते, कारण वर्गच हवा आहे, नाते नाही.

मॉर्फेसरसारखे न शिकवता तोडणारे साधनही पडताळ्यापुरते चालवता येईल. फक्त ८,००० संज्ञांवर ते जास्तच बारीक तुकडे पाडते. सोबत मोठा मराठी मजकूर द्यावा लागतो, आणि मग ते ‘च्या’, ‘ला’, ‘मध्ये’ हेच आधी शिकते. वारंवारतेऐवजी तिचा लॉग वापरण्याचा पर्याय त्यात आहे, तो चालू ठेवा.

विग्रह

समासाबद्दल पुष्कळ झाले, प्रत्ययांबद्दल थोडे सांगतो. तुमच्या यादीत मशागतीची कामे आहेत म्हणून ‘णी’ महत्त्वाचा: पेरणी, कापणी, मळणी, फवारणी, कोळपणी, खुरपणी, वखरणी. नियम असा: ‘णी’च्या जागी ‘णे’ ठेवून क्रियापद कोशात मिळते का पाहा. पेरणे, कापणे मिळतात. पाणी, लोणी यांचे पाणे, लोणे होतात, ते क्रियापद म्हणून मिळत नाहीत, बाद. पुढे धातूशी मिळतेजुळते अवजार यादीत आहे का पाहा: नांगर आणि नांगरणी, वखर आणि वखरणी, खुरपे आणि खुरपणी, कोळपे आणि कोळपणी. ‘या अवजाराने हे काम’ हे नाते असे मिळते. पाभर आणि तिफण यांचे पेरणीशी नाते मात्र शब्दात नाही, ते हातानेच जोडा.

अडतो तो ‘चाळणी’वर. चाळणे हे क्रियापद आहे, म्हणून चाळणी काम ठरते, पण ती वस्तू आहे. गाळणीचेही तेच. इथे मजकुरात ‘___ केली’ आणि ‘___ने’ ही दोन रूपे मोजा. पेरणी केली, फवारणी केली हे भरपूर सापडेल. चाळणीने, गाळणीने हे करण-रूपात सापडेल. लावणीला दोन अर्थ आहेत, पण शेतीच्या मजकुरावर मोजले की रोपांची लावणीच वर येते.

उपसर्गांवरून विरुद्धार्थ काढताना हात आखडता घ्या. सेंद्रिय-असेंद्रिय, विषारी-बिनविषारी ठीक. ‘नापीक’ला घडणीवरून ‘पीक’चा विरुद्धार्थी ठरवू नका, त्याची जोडी ‘सुपीक’शी. ‘बेदाणा’ तर फारसीत ‘बिनबियांचा’ म्हणून खरोखरच बे + दाणा आहे, पण आज त्याला दाण्याच्या विरुद्ध टाकणे चूक, आणि दाण्याचा प्रकार म्हणणेही चूक. शेतीतली सगळ्यात कामाची जोडी, जिरायती आणि बागायती, शब्दावरून कळतच नाही. माझे मत विचाराल तर उपसर्गांचे नियम या यादीत लिहूच नका. एक तास बसून जोड्या हाताने लिहून काढा.

पूर्वपदी संख्या (एक, द्वि, त्रि, दश, बहु) आली की ‘प्रकार’ हे नाते थांबवा. एकदल म्हणजे एक प्रकारचे दल नव्हे, एक दल असलेली वनस्पती.

कोळपे

समानार्थी शोधताना ‘पूर्वपदे समानार्थी, उत्तरपद एकच, म्हणून शब्द समानार्थी’ असा नियम कोणीतरी लावणारच. फळ-फल, दूध-दुग्ध, माती-मृदा या जोड्यांना तो बहुतेक ठिकाणी चालेल. पण कीटकनाशक आणि कीडनाशक एक नव्हेत. कीडनाशक व्यापक, त्यात बुरशीनाशक, तणनाशक, उंदीरनाशकही मोडतात. कीटकनाशक त्याच्या पोटातले. बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात म्हणून मजकुरावरूनही फरक कळणार नाही. हे नाते हाताने बसवा.

करपा, भुरी, तांबेरा, काणी, केवडा, मर या रोगांची नावे तोडता येत नाहीत. तिथे घडणीचा मार्ग संपतो. हे रोग पिकाच्या नावासोबत येतात ती संज्ञा पाहा: ‘गव्हावरील तांबेरा’, ‘द्राक्षावरील भुरी’. ‘___वरील रोग’ या रचनेतून पीक आणि रोग यांची जोडी मिळते. सामान्यरूप मागे घेऊन गहू, द्राक्ष करायला विसरू नका.

अक्षरसंच

साठवताना एक गोष्ट पाळा. ‘गुलाबी बोंडअळी’चा थेट पालक (लगेचची वरची संज्ञा) ‘बोंडअळी’, ‘अळी’ नव्हे. यादीत असलेला सर्वांत लांब शेवट हाच थेट पालक, बाकीचे त्याच्यातून येतात. स्कॉस (संज्ञांची नाती साठवण्याचे मानक) वापरणार असाल तर ‘ब्रॉडर’ (अधिक व्यापक) हे नाते आपोआप वरपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी ‘ब्रॉडर ट्रान्झिटिव्ह’ वेगळे आहे. प्रत्येक नात्यासमोर ते कोणत्या नियमाने आले त्याचा क्रमांक लिहा, म्हणजे नियम चुकला तर त्याची सगळी नाती एका फटक्यात मागे घेता येतात.

तपासणी एकूण यादीवर करू नका, प्रत्येक उत्तरपदावर वेगळी करा. ज्याखाली ५० पेक्षा कमी संज्ञा आहेत ते सगळे, जास्त असतील तर कोणतेही ५०. दोघांनी एकमेकांचे न बघता बरोबर-चूक लावायचे आणि कोहेनचा कप्पा (दोघांची मते किती जुळतात ते मोजणारा आकडा) काढायचा. तो ०.७ च्या खाली आला तर नियमांपेक्षा नात्याची व्याख्याच संदिग्ध आहे असे समजा. ‘माशी म्हणजे लोक म्हणतात ती, की प्राणिशास्त्रातली’ हे ठरवले नसेल तर दोन माणसांचे कधीच जुळणार नाही. शेतकऱ्यांच्या शोधासाठी दोन्ही ठेवता येतील, वेगळ्या नावांनी.

पाभर

युनिकोडची सफाई आणि तुलनारूप केले. लेखनभेदांची जोडपी लगेच वेगळी पडली, त्यात जिवाणूचे चारही अवतार आहेत. ‘खत’ची पूर्वपदे दोन ढिगांत आली. ‘पाणी’ या शेवटाखाली सांडपाणी, खतपाणी आणि चारापाणी एकत्र आहेत. सांडपाणी हा पाण्याचा प्रकार, पण बाकीचे दोन?

विग्रह

ते द्वंद्व: खत आणि पाणी, चारा आणि पाणी. दोन्ही पदे सारख्या तोलाची आहेत, म्हणून ‘प्रकार’ नव्हे, ‘यात हे दोन्ही येतात’ असे नाते द्या. ओळखायची खूण अशी की मजकुरात ती ‘खत-पाणी’, ‘खत आणि पाणी’, ‘खत व पाणी’ अशीही सापडतात. ‘सांड आणि पाणी’ कुठेच सापडणार नाही. ‘पाणी’, ‘ढोरे’, ‘बियाणे’, ‘पाचोळा’ एवढ्या शेवटांवर ही चाचणी लावा. गुरेढोरे, बी-बियाणे, पालापाचोळा यांची दुसरी पदे पहिल्याचीच पुनरुक्ती आहेत, तिथे संज्ञा पहिल्या पदाच्या समानार्थी धरली तरी शोधाला चालते.